घरचीच हरकत

“काल हरकत नोंदवून आलो,” दादांनी पावाला लोणी लावता लावता सांगितलं आणि एक मोठं काम उरकल्याच्या समाधानानं ती स्लाइस दुमडून तोंडात घातली.

धाकटीच्या हातातला चहाचा कप अधांतरीच राहिला. “कसली हरकत?”

“तुझ्या पाळणाघराला. पालिकेत. रीतसर. पोच घेतलीय.”

धाकटीनं आधी नवऱ्याकडे पाहिलं. धाकटा बशीतले पावाचे कण बोटानं टिपण्यात गढून गेला होता. या घरात वादळ आलं की त्याला नेहमीच बशीत काहीतरी सापडायचं. मग तिनं सासूबाईंकडे पाहिलं. माईंनी चष्मा कपाळावर चढवला होता, म्हणजे आता त्यांच्या थोरल्या लेकाची, दादांची, खैर नव्हती.

“अरे, पण पालिकेत कशाला कडमडलास? आडवं यायचं ते इथं, या टेबलावर यायचं!”

“माई, नियम काय आहे? आडव्यानं मनापासून आडवं यायचं, पाट्या टाकायच्या नाहीत. बाबांचेच शब्द आहेत. आता मला सांग, निर्णय कुठं होणार? टेबलावर? नाही. पालिकेत होणार. मग मी आडवा कुठं येणार?”

दादांचं बोलणं नेहमी असंच असायचं, ऐकताना बिनतोड आणि निस्तरताना नाकीनऊ आणणारं.

हे ‘आडवा’ प्रकरण बाहेरच्या माणसाच्या गळी उतरवणं कठीण. पुठ्ठ्याच्या खोक्यांचा कारखाना ऐन भरात होता तेव्हा माईंचे यजमान, बाबा, हयात होते आणि त्यांनी एक अवाढव्य मशीन घ्यायचं मनावर घेतलं होतं. घरातल्या एकूण एक माणसानं मान डोलावली. मशीन आलं आणि दारातून आत जाईना. भिंत फोडेपर्यंत ते ताडपत्री पांघरून अंगणात उभं होतं आणि येणारा-जाणारा प्रत्येक जण ‘हे काय?’ म्हणून विचारून बाबांच्या जखमेवर मीठ चोळत होता. तेव्हा बाबांनी दंडक घातला. यापुढे घरात सगळ्यांचं एकमत झालं की समजायचं, कुणीच नीट विचार केलेला नाही. मोठं काम काढलं की घरातल्या एकानं आडवं यायचं. पटो न पटो, जीव तोडून विरोध करायचा, निर्णय लागेपर्यंत बाजू सोडायची नाही, आणि निर्णय लागला की मनात काही ठेवायचं नाही. दर वेळी एकानं, वयाच्या क्रमानं; या खेपेला पाळी दादांची होती.

धाकटीच्या लग्नाचं ठरत होतं तेव्हा आडव्या माई होत्या. तिच्या आईवडिलांना समोर बसवून त्यांनी तिच्या दोषांचा पाढा वाचला होता. मुलगी बोलते फार, हसते मोठ्यानं, इस्पितळात मुलांच्या वॉर्डात काम करते म्हणजे रोज नवा खोकला घरी घेऊन येणार. धाकटीच्या वडिलांचा चेहरा पांढरा पडला, ती पर्स उचलून उठली, आणि त्याच क्षणी सगळ्यांनी हात वर केले. होकार! मग माईंनी तिला असं काही कवटाळलं की तिच्या केसांतली क्लिप मोडली. “मला तू पहिल्या दिवसापासून आवडलीस गं,” त्या म्हणाल्या होत्या. या लोकांच्या प्रेमाची धाकटीला तेव्हाच थोडी धास्ती बसली.

पण आत्ताची गोष्ट थट्टेवारी नेण्यासारखी नव्हती. कारखाना बंद पडून त्या जागी बिझनेस पार्क उभा राहिला होता, काचेच्या तीन इमारतींचा. त्यातल्या पहिल्या इमारतीचा तळमजला घराच्या वाट्याला आला होता. मागच्या बाजूला मोठा हॉल आणि पुढे रस्त्याकडेला दादांचा कोपऱ्यातला गाळा, ज्याला सगळे केबिन म्हणत. हॉल रिकामा होता. पार्कात कामाला येणाऱ्या बायका सकाळी मुलाला शहराच्या एका टोकाला सोडायच्या, दुसऱ्या टोकाला कामावर यायच्या आणि संध्याकाळी उशीर झाला की लिफ्टमध्येच रडवेल्या व्हायच्या. धाकटीनं ते पाहिलं आणि तिच्या डोक्यात पाळणाघर शिरलं. त्यासाठी तिनं वॉर्डातली नोकरी सोडली. पण एक जिमवालाही हॉलवर डोळा ठेवून होता, आणि घरात ठरलं होतं ते असं, की पालिकेची मंजुरी मिळाली तर पाळणाघर, नाहीतर हॉल जिमवाल्याला. तो महिनाअखेरपर्यंत थांबायला तयार होता.

“नियोजन अधिकारी म्हणाले होते,” धाकटी शक्य तितक्या शांतपणे म्हणाली, “मुदतीत एकही हरकत आली नाही तर ते स्वतःच्याच सहीनं मंजुरी देऊन टाकतील. हरकत आली तरच समितीपुढे जायचं.”

“बरोबर. आता समितीपुढे जायचं.”

“आणखी कुणाची हरकत आहे?”

“नाही, माझी एकट्याचीच,” दादा म्हणाले. “लोकांना कुठं वेळ असतो?”

“आपलेच दात आणि आपलेच ओठ!” माई कडाडल्या. “जा आणि काढून घेऊन ये.”

“मुदत संपली काल. एकदा नोंदवली की ऐकून घ्यावीच लागते त्यांना. मी विचारून आलो.” ‘विचारून आलो’ म्हणताना मात्र दादांचा आवाज किंचित खाली आला. काल संध्याकाळीच त्यांच्या लक्षात आलं असावं की आपण प्रमाणाबाहेर आडवे आलो आहोत.

दादांची बायको, थोरली, या सगळ्या वेळात चहा गाळत होती. ती तशी मितभाषीच. तिच्यावर आडवं यायची वेळ यायची तेव्हाही ती तीन वाक्यांत उरकायची. पाळणाघराचा विषय निघाला तेव्हा ती एवढंच म्हणाली होती, “जिमवाला बरा. लोक येतील आणि जातील.” ते वाक्य धाकटीच्या मनात कुसळासारखं टोचत राहिलं होतं. आडवं येणारा माणूस निदान नियमानं येतो. हिला काय झालंय, ते तिला कळत नव्हतं.

सुनावणीपर्यंत घरात उघड उघड दोन पक्ष पडले. माई आणि धाकटी एका बाजूला, दादा दुसऱ्या बाजूला. धाकटा सकाळी या पक्षात असायचा, संध्याकाळी त्या. माईंनी दादांच्या चहातली साखर बंद केली. दादांनी ती स्वतः घ्यायला सुरुवात केली, तेव्हा माईंनी साखरेचा डबाच जागचा हलवला. “निर्णय लागला की मनात काही ठेवायचं नाही,” दादांनी आठवण करून दिली. “लागल्यावर,” माई म्हणाल्या. “अजून लागायचाय.”

पालिकेच्या सभागृहातल्या खुर्च्या एकमेकींना जखडलेल्या होत्या, त्यामुळे एक माणूस हलला की सगळी रांग हलायची. घरातले सगळे एकाच रांगेत बसले. कितीही बिनसलेलं असो, वेगवेगळं बसायची कुणालाच सवय नव्हती. दादा टोकाला, त्यांच्याशेजारी थोरली, मग धाकटा, माई आणि धाकटी. माई बोटं मोडत होत्या आणि प्रत्येक बोटाचा हिसका दादांच्या खुर्चीपर्यंत पोचत होता.

समितीच्या अध्यक्षा म्हणजे टापटीप, चटपटीत बाई होत्या. कुणी भाषण करू लागलं की त्या पेनचं टोपण लावायच्या, आणि समोरचा काय ते समजायचा. त्यांच्या डावीकडच्या सदस्यांना सर्दी झाली होती. उजवीकडे एक गृहस्थ होते, त्यांना जगातल्या प्रत्येक प्रश्नाच्या मुळाशी पार्किंग दिसत होतं. धाकटीच्या आधी कुणाच्या तरी कुंपणाच्या भिंतीचा विषय होता, तर त्या भिंतीलाही त्यांनी विचारलं, “गाड्या कुठं लावणार?”

धाकटी उठली. एकदा बोलायला लागल्यावर तिची गाडी रुळावर आली. किती मुलं, किती सांभाळणाऱ्या, कुठं झोपतील, कुठं जेवतील, आजारी पडलं तर काय करायचं, सगळं तिनं घडाघडा सांगितलं.

“गाड्या कुठं लावणार?” उजवीकडून प्रश्न आलाच.

“लावलेल्याच असतात, साहेब. आयांच्या गाड्या दिवसभर तिथंच उभ्या असतात. आता मुलं त्यातूनच येतील.”

“मुलं रडणार. वरच्या मजल्यांवर ऑफिसं आहेत. कामात व्यत्यय येईल,” सर्दीवाले सदस्य रुमालातून म्हणाले.

“ऑफिसात काय कमी रडतात?” मागच्या रांगेतून कुणीतरी पुटपुटलं आणि अध्यक्षाबाईंनाही हसू लपवता आलं नाही. धाकटी खाली बसली तेव्हा माईंनी तिचा हात दाबला. जमलं, असं तिला वाटलं. अगदी मनापासून वाटलं.

“हरकतदार,” अधिकाऱ्यांनी पुकारलं.

दादांनी कोटाचं बटण लावलं. त्यांच्या अंगी सभेत बोलण्याची हौस मूळचीच; कारखाना गेल्यापासून तिला वाव नव्हता. सुरुवात त्यांनी ‘सन्माननीय अध्यक्षा आणि सदस्यहो’पासून केली, मग शहराची वाढ, उद्योगाचं भान असं करत ते घाट चढू लागले. अध्यक्षाबाईंनी पेनला टोपण लावलं. दादांनी ते पाहिलं आणि एकदम साध्या आवाजात ते म्हणाले,

“हॉलला दार एकच आहे, आणि ते मागच्या अंगणात उघडतं. तिथं दिवसभर मालाच्या गाड्या रिव्हर्स घेत येतात. ड्रायव्हरला आरशात मोठा माणूस दिसतो. एवढंसं मूल दिसत नाही.”

‘एवढंसं’ म्हणताना त्यांनी हात गुडघ्याशी धरला होता. सर्दीवाले सदस्यही क्षणभर शिंकायचे थांबले.

दादा बरोबर बोलत होते. मुलांच्या वॉर्डात इतकी वर्षं काढलेली ती, गाडी मागं घेताना चिरडलेला पाय तिनं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेला, आणि तिनं पडद्यांचे रंगसुद्धा ठरवले पण दाराकडे पाहिलं नाही. तिला दादांचा भयंकर राग आला. चुकीचं बोलले असते तर इतका आला नसता.

“दुसरं दार नसेल तर हा हॉल मुलांसाठी मंजूर करता येणार नाही,” अध्यक्षा म्हणाल्या. “का हो, दुसरं दार निघेल?”

अधिकाऱ्यांनी इमारतीचा नकाशा टेबलावर पसरला, आणि तो पुन्हा गुंडाळला जाऊ नये म्हणून एका कोपऱ्यावर पाण्याचा ग्लास ठेवला. “मागं आणि बाजूंना नाही. पुढं निघेल. रस्त्याच्या बाजूला एक गाळा आहे, त्याच्या आणि हॉलच्या मध्ये एकच भिंत आहे. गाळ्यातून वाट दिली तर मुलं थेट फुटपाथवरून आत येतील. मागचं दार फक्त आणीबाणीला ठेवायचं.”

“मग झालं की. कुणाचा आहे गाळा?”

अधिकाऱ्यांनी नकाशात बघितलं, मग यादीत बघितलं, आणि चष्म्यावरून समोर बघितलं. “हरकतदारांचाच.”

आता मात्र सगळं सभागृह खदखदून हसलं. दादा ताठ उभे होते आणि त्यांचे कान लाल झाले होते.

“तुमची तयारी आहे?” अध्यक्षांनी विचारलं.

“मी हरकतदार आहे, मॅडम. मला नियमानं...”

“हरकतदार म्हणून नाही विचारत. गाळ्याचे मालक म्हणून विचारतेय. असं करा, चहाची वेळ झालीच आहे. चहानंतर सांगा.”

बाहेर कॉरिडॉरमध्ये पाण्याच्या मोठ्या उलट्या बाटलीपाशी सगळे गोळा झाले. कागदी पेले हातात होते, पाणी कुणीच पीत नव्हतं.

“दादा, देऊन टाक ना,” धाकटा म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं कुणाच्या आधी तोंड उघडलं होतं.

“थांब,” माई म्हणाल्या. “त्याला गळ घालू नका.”

धाकटी चमकली. साखर बंद करणाऱ्या माई त्या याच का?

“माई, तुम्ही?”

“मला पाळणाघर हवंय गं, देवाशपथ हवंय. पण केबिन नको मागूस. तुझ्या सासऱ्यांनी तिथं बसून कारखाना चालवला. नवी इमारत बांधली तेव्हाही मी हट्टानं त्याच कोपऱ्यात गाळा मागून घेतला. मशीनं भंगारात गेली, माणसं पांगली, तेवढा एक कोपरा राहिलाय. दुपारी करमेनासं झालं की मी तिथं जाऊन बसते.” त्यांनी चष्मा काढून पदरानं पुसला. “आता तिथून बाबागाड्या जाणार म्हणजे मी बसायचं कुठं?”

“आणि मी कुठं बसायचं?” दादा म्हणाले. सभेतला आवाज आता त्यांच्याकडे उरला नव्हता. “सकाळी उठून कुठंतरी जायचं असतं म्हणून जातो मी तिथं. तुम्हा सगळ्यांना ठाऊक आहे, तिथं काम फारसं नसतं. ती जागा गेली की मी नुसता घरातला म्हातारा. आणि निर्णय लागेपर्यंत आडव्याला बाजू सोडता येत नाही, हेही आहेच.”

धाकटीला त्यांची कीव आली आणि आपल्याला कीव यावी याचीच चीड आली. तिनं पेला चुरगळला.

“दादा, तुमची हरकत बरोबर आहे,” ती म्हणाली. “मला ती आधीच दिसायला हवी होती. त्या मागच्या दारानं मी एकही मूल आत आणणार नाही. मंजुरी दिली तरी नाही. आणि केबिन मी मागणार नाही. राहू द्या. जिमवाल्याला कळवून टाका.”

एवढं बोलेपर्यंत आवाज नीट होता. शेवटच्या वाक्याला तो फुटला आणि ती भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. तिला रडायचं नव्हतं, निदान पालिकेत तरी नाही.

“कुणी कुणाला काही कळवायचं नाही,” थोरली म्हणाली.

ती इतक्या हळू बोलली की सगळ्यांना आधी वाटलं, दुसरंच कुणी बोललं. धाकटी वळली. थोरलीच्या चेहऱ्यावर राग नव्हता. फार दिवस उचलून धरलेलं काहीतरी आता खाली ठेवायचं ठरवलेल्या माणसासारखी ती दिसत होती.

“अहो, मी नकाशे काढायचे, आठवतं?”

“आठवतं की,” दादा म्हणाले. “लग्नाआधीपासून. आर्किटेक्टकडे होतीस तू.”

“लग्नानंतरही होते. लेक झाली तोवर. मग तिला ठेवायचं कुठं, असा प्रश्न आला. माई कारखान्यात, तुम्ही कारखान्यात, बाबा कारखान्यात. जेवताना विषय निघाला. बाबा म्हणाले, ‘राहू दे नोकरी, आपलं काय अडलंय?’ माईंनी मान डोलावली. तुम्ही डोलावलीत. भाऊजी तेव्हा कॉलेजात होते, त्यांनीही डोलावली.” तिनं सगळ्यांकडे एकेकदा पाहिलं. “त्या दिवशी आडवं कोण आलं होतं?”

धाकट्याला हातातल्या पेल्यात काहीतरी सापडलं.

“कुणीच नाही,” थोरलीनंच उत्तर दिलं. “कारण ते मोठं काम नव्हतं ना! मोठ्या कामाला आडवा लागतो. खोक्याचं मशीन मोठं. घराला रंग कुठला द्यायचा तेही मोठं, त्यासाठी दोन रविवार भांडलो आपण. माझी नोकरी भाजी वाढता वाढता गेली.”

“तू काही बोलली नाहीस गं,” दादा म्हणाले.

“मला वाटलं, कुणीतरी येईल आडवं. या घरात येतातच, म्हणून वाट बघितली.”

माईंनी भिंतीचा आधार घेतला. पाण्याच्या बाटलीत एक मोठा बुडबुडा वर गेला.

“आणि धाकटे,” थोरली तिच्याकडे वळली, “मी जिमवाला बरा म्हणत होते ना, त्यात तुझ्यावर राग नव्हता. हेवा होता. रोज त्या दारात आपापलं मूल सोडून बायका कामाला जाणार आणि ते मी नुसतं बघायचं, हे मला सोसलं नसतं. आता आत तुझं ऐकताना मात्र वाटलं, न झालेलं बघणं त्याहून वाईट.”

धाकटीनं तिचा हात धरला. आठ वर्षं एका घरात राहून हा हात तिनं कधी धरला नव्हता. तो गार होता.

शिपायानं दार उघडून आत बोलावलं. माईंनी चष्मा डोळ्यांवर बसवला आणि दादांच्या पाठीवर हात ठेवला. “मी घरी बसेन रे दुपारची,” त्या म्हणाल्या. “तुझं तू ठरव.” दादांनी मान हलवली, पण ती होय म्हणून की नाही म्हणून, ते कुणालाच समजलं नाही.

“बोला,” अध्यक्षा म्हणाल्या.

दादा माइकपाशी गेले. या वेळी त्यांनी कोटाचं बटण लावलं नाही.

“माझी हरकत कायम आहे.”

“दादा!” धाकटा खुर्चीतून उसळला आणि त्याच्याबरोबर सगळी रांग उसळली.

“माझी हरकत कायम आहे,” दादांनी पुन्हा सांगितलं, “मागच्या दाराला. तिथून एकही मूल ये-जा करता कामा नये, हे कृपया लिहून घ्या. पुढच्या दाराला माझी हरकत नाही. गाळा माझा आहे. भिंत फोडा.”

अध्यक्षांनी पेनचं टोपण काढलं. “घरात तुम्ही असेच बोलता का हो?”

“आमच्याकडे सगळेच असे बोलतात,” माई मागून मोठ्यानं म्हणाल्या.

मत घेतलं गेलं. पार्किंगवाले गृहस्थ सोडून सगळ्यांचे हात वर झाले, सर्दीवाल्यांचा रुमालासकट. अधिकाऱ्यांनी अटी वाचल्या. पुढचं दार झाल्याशिवाय मुलं आणायची नाहीत, मागच्या दाराचा वापर फक्त आणीबाणीत, आणि सुधारित नकाशा महिनाअखेरीच्या आत. धाकटीनं फक्त पहिला शब्द ऐकला होता, मंजूर, आणि त्यानंतर ती माईंच्या गळ्यात पडून हसत होती की रडत होती, हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

घरी कुणीच गेलं नाही. सगळे न ठरवता केबिनमध्ये आले. दादा आपल्या खुर्चीत बसले आणि खुर्चीच्या दोन्ही हातांवर हात ठेवून काचेबाहेरच्या रस्त्याकडे बघत राहिले. माई खिडकीपाशी उभ्या राहिल्या. धाकटा फोनवर होता, आर्किटेक्टला भिंतीचं सांगत होता. बोलता बोलता त्याचा चेहरा पडला.

“तो म्हणतोय, तपासून सही करीन, पण त्याच्याकडे नकाशा काढायला माणूस नाही. पुढच्या महिन्यात बघू म्हणतोय.”

“पुढच्या महिन्यात मुदत संपलेली असेल!” धाकटीच्या जिवाचं पाणी झालं. किनाऱ्याला लागता लागता हे काय!

“त्याला विचारा, हातानं काढलेला चालेल का,” थोरली म्हणाली.

धाकट्यानं विचारलं. “चालेल म्हणतोय. मापं मात्र अचूक पाहिजेत म्हणे.”

“अचूकच असतील म्हणावं.”

तिनं पर्स टेबलावर ठेवली आणि साडीचा पदर कमरेला खोचला. मग दादांच्या खणातून मोजायची टेप काढली, जिमवाल्याला हॉल दाखवताना दादा जी मिरवायचे तीच. टेपचं टोक तिनं बाहेर ओढलं, सोडलं, ते सरकन आत गेलं. तिनं पुन्हा ओढलं. भिंतीवर कुठंतरी नजर रोखून ती मनाशी काहीतरी पुटपुटत होती, आणि इतकी वर्षं वाटीभर आवाजात बोलणारी ही बाई आता एकदम खोलीभर झाली होती.

“अहो, उठा. दार तुमच्या पाठीमागेच येतंय.”

दादा उठले. त्यांनी खुर्ची स्वतःच बाजूला ओढली आणि हात लोंबकळत सोडून उभे राहिले. “मी काय करू?”

“हे टोक धरा. इथं, कोपऱ्याला. घट्ट धरा आणि हलू नका.”

दादांनी टोक धरलं. थोरली टेप उलगडत भिंतीच्या दुसऱ्या टोकाला निघाली.

“त्या दिवशी मी यायला हवं होतं गं आडवं,” दादा तिच्या पाठीकडे बघत म्हणाले.

ती थांबली, पण वळली नाही.

“आधी माप घेऊ,” थोरली म्हणाली.